दुसरी किल्ली

गाडी अजून घेतलेली नव्हती, पैसे कुठून आणायचे तेही ठरलं नव्हतं, पण अप्पांनी रविवारी सकाळीच आपल्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत किल्ल्यांच्या फळीवर एक नवा हुक ठोकून टाकला. पितळी, जाड, दुकानातला सगळ्यात चांगला. ठोकून झाल्यावर त्यांनी तो बोटाने ओढून पाहिला. हुक हलला नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

"बाजारात तुरी," काकू मागे उभ्या राहून म्हणाल्या. "गाडीचा पत्ता नाही आणि हुक आधी?"

"येणार म्हणजे येणारच ना. आयत्या वेळी धावपळ नको."

काकू वर घरात निघून गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाई काही बोलत नाही, तेव्हा तिला पुष्कळ बोलायचं असतं, हे अप्पांना ठाऊक होतं. पण रविवारची सकाळ कोण बिघडवणार?

ही फळी दारामागे होती. दार उघडं असलं की दिसायची नाही, लोटलं की सगळं कुटुंब एका नजरेत यायचं. समोरच्या इमारतीतल्या धाकट्या भावाच्या घराची किल्ली. त्याला सगळे सर म्हणत, कारण तो शाळेत भूमिती शिकवायचा. मग बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या स्कूटरची. एका कोपऱ्यात काकूंच्या लोखंडी कपाटाची, सगळ्यात छोटी. ज्याच्या अडीनडीला अप्पांनी पैसे घातले, त्याची दुसरी किल्ली या फळीवर यायची. असा नियम कोणी केला नव्हता. अप्पांनी कुणाकडून छदाम व्याज घेतलं नाही की तगादा लावला नाही. फक्त एवढंच म्हणायचे, "दुसरी किल्ली असू दे माझ्याकडे. हरवली-बिरवली तर?" किल्ल्या कापायचं मशीन त्यांच्याच दुकानात, त्यामुळे ती दुसरी किल्ली कापायचेही तेच.

आणि आता सरांच्या मुलीला, भिंगरीला, गाडी हवी होती. जुनी, लहान, फिकट हिरवी. चष्म्याच्या दुकानात नोकरी करता करता तिने डोळे तपासण्याचं स्वतःचं काम जमवलं होतं: ज्यांना जिना उतरवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन. गावाबाहेरच्या एका वृद्ध-निवासाने तिला दर सोमवारी यायला सांगितलं होतं, पण पुढच्या महिन्यापासून, आणि चुकवायचं नाही या अटीवर. चुकली तर दुसरं कोणीतरी रांगेत होतंच. तपासणीच्या भिंगांची पेटी घेऊन स्कूटरवरून गेलं की खड्ड्याखड्ड्याला भिंगं खाचांतून उडायची. एकदा अर्धी पेटी रस्त्यावर वेचावी लागली होती. गाडी नाही तर सोमवार नाही आणि सोमवार नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या काउंटरमागे. इतका साधा हिशोब होता.

अकराच्या सुमाराला अप्पांच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. पाहुणा एकच होता, जुन्या गाड्यांच्या शोरूममधून कर्जाचे कागद घेऊन आलेला तरुण. उकाड्यातही त्याने टाय बांधला होता, म्हणून आत्याने मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवलं आणि पाच मिनिटांत ते तोंडावर आणलं.

"महिन्याचा हप्ता फक्त एवढा," टायवाला कागदावर बोट ठेवून म्हणाला. "रोजच्या बाहेरच्या चहापेक्षा कमी पडतो बघा."

"आमच्याकडे चहा घरी होतो," आत्या म्हणाली. ती आयुष्यभर बँकेच्या खिडकीमागे बसली होती. गोड बोलणाऱ्या माणसाकडे ती अजूनही नोट खरी की खोटी बघावी तसं बघायची.

भिंगरीच्या आईला मात्र आकडा आवडला. "कमीच आहे की गं! कुणापुढे हात पसरायला नको. हेच घेऊन टाक."

"घरचे पैसे असताना बाहेरून कशाला?" सर म्हणाले आणि त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी छताकडे पाहिलं. आपल्यावर गोष्ट येणारच आहे, घाई कशाला?

भिंगरीने कागद स्वतःकडे ओढला. लहानपणी ही पोर एका जागी बसायची नाही म्हणून नाव पडलं भिंगरी, आणि आता पाहावं तर दगडासारखी स्थिर.

"हप्ता किती ते राहू द्या," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जातील?"

"मॅडम, व्याजाचा दर तर बँकेपेक्षाही कमी दिसतोय, बघा."

"दिसतोय खरा. पण कशावर? दर वर्षी जेवढं कर्ज उरेल तेवढ्यावर, की पहिल्या दिवशी घेतलेल्या सगळ्या रकमेवर शेवटपर्यंत?"

टायवाल्याने कप खाली ठेवला. "सगळ्या रकमेवर. पण सगळीकडे तसंच असतं."

"म्हणजे अर्धे पैसे फेडून झाले तरी व्याज पुऱ्या पैशांवर."

अप्पांची पाठ खुर्चीत आपोआप ताठ झाली. त्यांना एकदम दुकानातलं उंच स्टूल दिसलं आणि त्यावर पाय हलवत बसलेली, पुढचे दोन दात पडलेली पोर. माल घेऊन आलेल्या माणसासमोर त्यांनी तिला शिकवलं होतं, "भाव नंतर विचारायचा. खिळे वजनावर देतोय की नगावर, ते आधी." तेव्हा ती खिदळली होती. आणि आज टेबलापलीकडून तोच प्रश्न येत होता, नुसते कपडे बदलून. वाघाचं काळीज आहे पोरीला, अप्पांच्या मनात आलं. अभिमान चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी पाणी प्यायलं.

भिंगरीचं चालूच होतं. कागदांचा खर्च वेगळा आहे का? आहे. विमा कुठलाही चालेल, की तुमच्याकडचाच घ्यायला हवा? तुमच्याकडचाच. मुदतीआधी पैसे फेडले तर? दंड. आणि किती वर्षांचं कर्ज म्हणालात? सात.

"गाडी आत्ताच नऊ वर्षांची आहे," भिंगरी म्हणाली. "मी मेकॅनिककडे नेऊन ती वर उचलून बघितली. पायाखालचे गालिचे काढून गंज बघितला. नीट वापरली तर माझं काम ती अजून पाच वर्षं करेल. म्हणजे पुढची दोन वर्षं मी भंगाराचे हप्ते भरणार?"

आत्या टाळी देण्यासाठी हात पुढे करून बसली. टायवाल्याने टाय सैल केला. पण अप्पांना सगळ्यात जास्त आवडलं ते त्यानंतरचं. भिंगरीने त्याला खिंडीत गाठलं, आणि मग त्याचा कप पुन्हा भरला. "तुम्ही खोटं काही बोलला नाहीत," ती म्हणाली. "विचारलं ते सांगितलंत. मला हे नको, पण गाडी मी तुमच्याकडूनच घेणार." तो जिना उतरताना जवळजवळ आनंदात होता. जिंकल्यावर समोरच्याची मान राखणं अप्पांनी तिला शिकवलेलं नव्हतं. ते त्यांना स्वतःला कधी जमलंच नव्हतं.

"मग झालं तर," भिंगरीची आई बाजू बदलून मोकळी झाली. "अप्पा आहेत."

अप्पांनी घसा साफ केला. या क्षणासाठीच तर हुक ठोकला होता.

"सगळे पैसे मी घालतो. व्याज नाही, मुदत नाही. जमेल तेव्हा दे, नाही जमलं तर बघू. आपल्या घरात कर्ज हा शब्द नको."

सरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. चमचे कपांत फिरू लागले. तेवढ्यात भिंगरी हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, रागावू नका. पण तुमचेच पैसे सगळ्यात महाग आहेत."

चमचे थांबले.

"महाग?" अप्पा म्हणाले. "मी कुणाकडून एक पैसा व्याज घेतलाय?"

"नाही घेतलंत. तुम्ही किल्ली घेता."

"भिंगरी!" सर ओरडले. "कुणाशी बोलतेस?"

"अप्पांशीच. दुसरं कोणी असतं तर मी हो म्हणाले असते आणि मागून कुरकुरले असते. अप्पांशी मला तसं वागायचं नाही." तिने आपला कप बाजूला सारला. "माझी पेटी गाडीत असणार. सोमवारी सकाळी तिथे म्हातारी माणसं खुर्च्या मांडून बसणार. गाडीची किल्ली दोन ठिकाणी असली, तर दर रविवारी मला झोप लागणार नाही. बँकेला मी व्याज देईन आणि विसरेन. तुमचं विसरता येत नाही."

अप्पांनी मदतीसाठी टेबलावर नजर फिरवली. चूक तिथेच झाली.

"आता विषय निघालाच आहे म्हणून," आत्या म्हणाली, "माझी स्कूटर चोरीला गेली म्हणून मी पोलिसांकडे निघाले होते. आणि ती गेली होती तुझ्या नळांची खोकी पोचवायला!"

"तुला फोन केला होता मी."

"नंतर!"

"खरं सांगू का," भिंगरीची आई पदराशी चाळा करत म्हणाली, "केस धुऊन बाहेर यावं, तर अप्पा हॉलमध्ये स्टुलावर उभे राहून बल्ब बदलताहेत. बल्ब गेला होता हे खरंय. पण मी किंचाळले हेही खरंय."

सर इतका वेळ मान खाली घालून होते. अप्पांना वाटलं, हा तरी आपला. सर म्हणाले, "मी पुस्तकांचं कपाट खिडकीजवळ नेलं होतं. संध्याकाळी येऊन पाहतो, तर ते परत जुन्या जागी."

"त्या भिंतीला ओल येते!"

"येते, अप्पा. पण पुस्तकं माझी आहेत ना."

एरवी कुणी हसलं असतं. आज कुणी हसलं नाही. अप्पांना आपला स्वतःचाच दमदार आवाज आठवला, "हरवली-बिरवली तर?" आणि त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा राग लवकर येतो, तसा तोही आला.

"बरं," ते म्हणाले. "मग जा बँकेत. माझं काय काम इथे?"

"आहे," भिंगरी म्हणाली. "बँकेचं कर्ज तीन वर्षांचं आहे, उरलेल्या रकमेवर व्याज, निम्मे पैसे माझ्या साठवणीतले. आत्याने सगळं तपासलंय. पण माझं काम नवीन, म्हणून त्यांना जामीन हवाय. तुमचे पैसे नकोत मला, अप्पा. तुमची सही हवी."

जामीन. या घरात हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नसे. अप्पांच्या वडिलांनी एका मित्राच्या कागदावर न वाचता सही केली, मित्र बुडाला आणि पहिलं दुकान लिलावात गेलं. अप्पा तेव्हा शाळेत होते. कुलूप लावायला आलेल्या माणसांनी दुसरी किल्लीही मागून घेतली होती. त्या दिवसापासून अप्पांनी कुणाच्या कागदावर सही केली नाही. पैसे घाला, हवे तेवढे घाला, पण नाव घालू नका.

ते उठले आणि जिना उतरून दुकानात गेले.

बंद शटरमागे अर्धवट उजेड होता. त्यांनी मागच्या खोलीचं दार लोटलं आणि फळीसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, की यातली एकही किल्ली कधी हरवली म्हणून वापरलेली नाही. हरवली कुणाची होतीच कुठे?

काकू चहाचा कप घेऊन आल्या. त्यांनी कप मशीनवर ठेवला.

"ती तुम्हाला टाकून बोलली नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय केलं?"

"मागितलं. या घरात तुमच्याकडे जो तो पैसे मागतो. आज पहिल्यांदा कुणीतरी तुमचं नाव मागितलं." काकूंनी कप त्यांच्याकडे सरकवला. "तुम्हाला भीती वाटते, हे मला माहितीये. पण तिने काही लपवलंय का? तुमच्या वडिलांपुढे कागद ठेवणाऱ्याने असे सगळे आकडे मांडले होते?"

अप्पांनी चहा प्यायला. गार झाला होता, तरी पूर्ण प्यायला.

ते वर आले तेव्हा कुणी हललेलं नव्हतं. ते भिंगरीसमोर बसले. "सही केली तर माझ्या हातात काय राहणार?"

"काही नाही, अप्पा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर हलली नाही. "माझा शब्द."

"कागद आण. वाचल्याशिवाय करणार नाही."

त्यांनी वाचायला घेतलं. चष्मा नाकावरून घसरत होता. भिंगरीने तो हळूच काढून घेतला, कानाकडची काडी बोटांनी जराशी वाकवली, भिंग पुसलं आणि परत त्यांच्या नाकावर चढवला. अप्पांनी पानामागून पान वाचलं. सगळे बसून राहिले. एके ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. "लवकर फेडलं तर दंड?"

"नाही. तसं लिहून घेतलंय. पुढच्या पानावर."

पुढच्या पानावर तसं होतं. अप्पांनी सही केली. अक्षर जरा हललं, पण नाव पुरं उमटलं. सर पुढे झाले आणि त्यांनी मोठ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. भूमितीचा माणूस, याहून जास्त त्याला जमत नसे.

गाडी आली ती एकाच किल्लीसह. आधीच्या मालकाने दुसरी कुठे ठेवली होती, ते त्यालाही आठवत नव्हतं. भिंगरी ती घेऊन दुकानात आली तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक होतं. अप्पांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

गाडी जुनी होती तशी किल्लीही साधी, दातांची. त्यांनी तशीच कोरी किल्ली शोधली, दोन्ही मशीनमध्ये शेजारी शेजारी आवळल्या आणि चाक फिरवलं. पितळेचा बारीक भुगा उडाला. मग त्यांनी प्रत्येक दात कानशीने घासला, अंगठ्याने तपासला, बाहेर जाऊन गाडीच्या दारात घालून फिरवली. दार उघडलं. आत पेटीसाठी भिंगरीने मागच्या सीटवर फोम कापून खोबण केली होती. ती पाहून अप्पांना वाटलं, आपण असतो तर लाकडी फळी ठोकली असती, आणि भिंगं खडखडली असती. हे तिचंच बरं.

नवी किल्ली हातात घेऊन ते आत आले. सवयीने मागच्या खोलीकडे वळले, दार लोटलं, हात वर केला. पितळी हुक वाट बघत होता. भिंगरी त्यांच्या मागोमाग आत आली होती.

अप्पांनी हात खाली घेतला, वळले आणि दोन्ही किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "दुसरी जपून ठेव," ते म्हणाले. "माझ्याकडे नको. माझ्याकडे तुझा शब्द आहे."

तिने त्यांना मिठी मारली. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून बघत होतं. अप्पांनी बघू दिलं.

सोमवारी सकाळी हिरवी गाडी वेळेवर निघाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत अप्पा फुटपाथवर उभे होते. मग आत येऊन पाहतात, तर फळीवर नव्या हुकाशेजारचा आणखी एक हुक रिकामा. काकूंच्या कपाटाची छोटी किल्ली गेली होती. वरून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि काकूंचं गुणगुणणं.

अप्पांनी सरांच्या घराची किल्ली परत द्यायला फळीवरून काढली, रस्ता ओलांडला आणि दोन जिने चढून गेले. दारापुढे आल्यावर सवयीने किल्ली कुलपापर्यंत गेली. ती त्यांनी खिशात टाकली, सदरा खाली ओढून नीट केला आणि घंटा वाजवली. आपल्या भावाच्या दाराची घंटा कशी वाजते, हे त्यांना आज कळलं.

"कोण आहे?" आतून भिंगरीच्या आईचा आवाज आला.

"मी," अप्पा म्हणाले आणि दार उघडेपर्यंत बाहेर उभे राहिले.